मोराचं झाकण

आमच्या घरी मोटार आली तेव्हा बाजारहत्नूरात मोटार असायची ती कंत्राटदाराची, नाहीतर कुणाच्या तरी पाहुण्याची. आम्ही दोन्हींत बसत नव्हतो. बाबा मंडल ऑफिसात कारकून होते. त्यांच्या वडिलांचा जन्म दुसऱ्याच्या वावरात सालदारकी करण्यात गेला होता. अशा सालदाराच्या मुलानं भैंशाच्या एका जिनिंगवाल्याकडून त्याची जुनी, दुधाळ रंगाची मोटार विकत घेतली, ही बातमी गावात गाडीच्या आधी पोहोचली होती. मोटार घेतल्यावरही बाबा ऑफिसात सायकलवरच जायचे. मोटार होती ती रविवारी धुण्यासाठी, आणि लग्नकार्याला आम्हा सगळ्यांना घालून ऐटीत नेण्यासाठी.

आईला गाडीचं फारसं कौतुक नव्हतं. लग्नानंतर दोन पोरं सांभाळत, चुलीपाशी पुस्तक उघडं ठेवून तिनं बी. ए. केलं, मग बी. एड. केलं. तिला शिक्षिका व्हायचं होतं. बाबांना मोटारवाला व्हायचं होतं आणि ते आधी झाले. यावरून ती त्यांना टोमणे मारायची, पण ते दिवस हसण्याचे होते.

गाडीचं पेट्रोलच्या टाकीचं झाकण पहिल्या महिन्यातच हरवलं. इच्चोड्याच्या पंपावर बाबांनी ते काढून गाडीच्या टपावर ठेवलं आणि तसेच निघाले. पुढे कुठल्यातरी वळणावर ते उडालं असणार. आम्ही परत जाऊन रस्त्याच्या कडेचं गवत विंचरून काढलं. झाकण सापडलं नाही, पण शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीनं आम्हाला तिचं हरवलेलं विळ्याचं पातं शोधायला लावलं आणि ते मात्र सापडलं. झाकणाशिवाय गाडी कशी ठेवायची? आईनं जुन्या लुगड्याची एक जाड चिंधी टाकीच्या तोंडात कोंबली. ही चिंधी बाबांना फार लागली. समोरून कुणी आलं की ते चिंधीच्या बाजूला उभे राहायचे.

त्यांची ही अवस्था निर्मलच्या एका कारागिरानं पाहिली. लाकडी खेळणी आणि चित्रं करणारा माणूस. त्याचा एक अर्ज पेशीवर पेशी, तारखेवर तारीख करत पडून राहिला होता आणि बाबांनी त्याच्याकडचा चहासुद्धा न पिता तो मार्गी लावून दिला होता. त्यानं टाकीच्या तोंडाचं माप घेतलं आणि पंधरवड्यानं एक पुडकं घेऊन आमच्या दारात आला. पुडक्यात लाकडी झाकण होतं. वरच्या गोल चकतीवर पिसारा फुलवलेला मोर, कडेनं सोनेरी वेल, आणि खाली गच्च बसणारं बूच. बुचाला त्यानं सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं आणि सगळ्यावर लाखेचे हात इतके दिले होते की लाकूड आहे हे सांगावं लागे. "चीम कूडा दूरदु, सार," तो अभिमानानं म्हणाला. मुंगीसुद्धा शिरणार नाही.

बाबा त्या दिवशी दोनदा जेवले असते तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. आता ते मोराच्या बाजूला उभे राहू लागले.

आणि गाडी बंद पडू लागली.

रोज नाही. गाडी तशी गुणी होती. बाबा पंपावर "चार लिटर" म्हणायचे, तेवढ्यात आठवड्याचं किरकोळ येणंजाणं व्हायचं आणि ती कुरकुर न करता पळायची. पण कार्य निघालं, नवे कपडे घालून आम्ही बसलो, की इच्चोड्याच्या पंपावरून थोडं पुढं गेल्यावर तिला ठसका लागायचा. दोन-तीन आचके द्यायची, बाबांच्या समोरच्या फळीवरची लाल बत्ती लागायची आणि गाडी रस्त्याच्या कडेला गप्प व्हायची. किनवटच्या लग्नाला हे झालं. निर्मलच्या बारशाला हे झालं. आमच्या शेजारच्या काकूंनी, ज्यांची कापूस-ज्वारीची शेती होती आणि ज्यांना सगळ्या गावाच्या आजारांवर औषध ठाऊक होतं, निदान केलं: "नजर लागली, दुसरं काई नाई. लिंबू-मिरची बांधा, बाबूजी."

"आमी बौद्ध हाओत, काकू," बाबा म्हणायचे. "आमी कारण शोधतो."

कारण शोधायला त्यांनी सुरुवात केली ती लाल बत्तीपासून. गाडी विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ही बॅटरीची बत्ती. झालं! बत्ती बॅटरीची, तर रोग बॅटरीचा. बाबांनी बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली. मग बॅटरी बदलली. मग डायनॅमो उतरवून आदिलाबादला नेला आणि त्याची तार नव्यानं गुंडाळून आणली. प्लगची तर इतकी घासणी झाली की आमच्या घरची भांडी तेवढी चमकत नव्हती. प्रत्येक उपायानंतर गाडी आठ-पंधरा दिवस खुशाल चालायची आणि बाबा जाहीर करायचे की रोग सापडला. पुढचं कार्य येईपर्यंत तो सापडलेलाच असायचा.

गंमत अशी की बंद पडलेली गाडी चालूही व्हायची. त्याची एक ठरलेली रीत होती. गाडी थांबली की माणसं जमायची. आमच्या भागात रस्त्यावर मोटार थांबली तर न थांबता पुढं जाणं हा उद्धटपणा समजतात. जमलेल्यांपैकी कुणीतरी मोराकडे बोट दाखवायचं. बाबा घामाघूम असले तरी त्यांचा चेहरा उजळायचा. ते झाकण दोन्ही हातांनी ओढून काढायचे, सगळ्यांच्या हातात फिरवायचे, बूच किती घट्ट बसतं ते सांगायचे, परत लावायचे, आणि मग बॉनेट उघडून कुठलीतरी तार हलवायचे. गाडी चालू! श्रेय त्या तारेला. सगळ्या गाडीवर आम्ही संशय घेतला, फक्त मोरावर नाही. प्रेमानं दिलेल्या वस्तूवर कोण संशय घेतो?

इथवर हसण्यासारखं होतं. मग आईची मुलाखत आली.

आदिलाबादच्या एका मराठी शाळेत जागा निघाली होती. आईनं इस्त्रीची पांढरी साडी नेसली, बाबांनी पंपावर रुबाबात "फुल करा" म्हटलं, आणि गुडीहत्नूरच्या अलीकडं लाल बत्ती लागली. त्या दिवशी मोराकडं बोट दाखवायला कुणी आलंच नाही. रस्ता रिकामा होता. बाबा तारा हलवत राहिले. शेवटी बऱ्याच वेळानं आलेल्या बसनं आम्ही शाळेत पोहोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या आत नेत होता.

आई चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं, बाबांना उत्तर देता आलं असतं. ती घरी आली, साडीची घडी घातली आणि त्यानंतर गाडीत बसली नाही. लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला, कुठंही जायचं तर ती बसस्टँडवर जाऊन उभी राहायची आणि बाबा रिकामी गाडी घेऊन बसच्या मागं यायचे. हे दृश्य पाहायला लोक ओट्यावर यायचे. मला तेव्हा लाज वाटायची. आज दोघांवरही माया येते.

वर्षभरानं भैंशाच्या एका शाळेतून बोलावणं आलं. तिथल्या एक बाई मध्येच सोडून गेल्या होत्या. मुलाखत नव्हती, वर्गात पाठ घेऊन दाखवायचा होता, विषय आपल्या पसंतीचा. आईच्या दृष्टीनं ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी तिचं वय अटीच्या पलीकडं जात होतं, मग बी. एड. ची चौकट भिंतीवर लावून रोज पुसत बसायची. तिनं विषय निवडला: हवेचा दाब. स्टीलचा पेला पाण्यानं काठोकाठ भरायचा, त्यावर पुठ्ठा ठेवायचा आणि पेला उलटा करायचा. खालून हवा पुठ्ठ्याला दाबून धरते म्हणून पाणी पडत नाही. पुस्तकात पडत नाही. आमच्या घरी पडायचं. आईच्या साडीवर, माझ्या वह्यांवर, एकदा तर जेवायला बसलेल्या बाबांच्या ताटात. दोनदा जमायचं, तिसऱ्यांदा घर धुऊन निघायचं. मी तिचा वर्ग होते आणि मला सर्दी झाली होती.

"वर्गात असं झालं तर पोरं हासतील," ती म्हणाली. ती घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

ती सकाळच्या बसनं जाणार होती, सरावासाठी मला घेऊन. आम्ही स्टँडवर पोहोचलो तर तिथं कंट्रोलर एकटाच बिडी ओढत होता. बस जत्रेला लावली होती. आता दुपारी. आई हातातल्या पिशवीकडं बघत उभी राहिली. पिशवीत पेला होता, पुठ्ठा होता, पाण्याची बाटली होती. तेवढ्यात मागं हॉर्न वाजला. बाबा नेहमीप्रमाणे रिकामी गाडी घेऊन मागं आलेच होते.

"चाल," ते खिडकीतून म्हणाले. एवढंच म्हणाले.

आई बसली. पुढच्या सीटवर, पिशवी मांडीवर, नजर समोर. बाबांना इतका आनंद झाला की इच्चोड्याला त्यांनी पंपवाल्याला सांगितलं, "फुल करा! काठापर्यंत!" मोराचं झाकण त्यांनी स्वतः बसवलं आणि वरून तळहातानं दोन ठोके दिले.

पुढचं सांगायला नको. नेरडिगोंड्याच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना कापसाची वावरं पांढरी झालेली, गाडीला ठसका लागला. एक आचका. दुसरा. लाल बत्ती. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवरचे हात काढलेच नाहीत. आईकडं बघायची त्यांची हिंमत नव्हती. मीही पाहिलं नाही.

आई दार उघडून उतरली आणि पळसाच्या झाडाखाली जाऊन बसली. "ये," तिनं मला हाक मारली. "पाठ घेऊ." तिचा आवाज सरळ होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. तिनं पेला भरला, पुठ्ठा ठेवला. "सांग, पाणी पडून राह्यलं का? नाही. काऊन नाही?" मी म्हणाले, "बाहेरची हवा पुठ्ठ्याला दाबते." "आणि आत हवा कमी असली की?" "बाहेरची जास्त जोरात दाबते."

तोवर कापसाची एक बैलगाडी येऊन थांबली. वरून दोघे शेतकरी उतरले. त्यांच्यातला थोरला गाडीभोवती फिरला आणि मोरापाशी थबकला. "बाप्पा! हे काय हाय जी?"

बाबांचा जीव टांगणीला लागला होता, तरी सवय ती सवय. ते उतरून मागं गेले. "निर्मलचं काम हाय," ते म्हणाले आणि झाकण ओढू लागले. झाकण हलेना. त्यांनी पाय रोवला. धाकटा शेतकरी मदतीला आला. "लई जाम बसलं, जी!" "बसनारच," बाबा म्हणाले, "मुंगी जात नाई त्यातून." दोघांनी मिळून हिसका दिला आणि फुस्स करून मोठा आवाज झाला, सायकलच्या ट्यूबची हवा जाते तसा. झाकण हातात आलं आणि बाबा कापसाच्या गाडीला जाऊन टेकले. "पाहा! याले म्हनतात कारागिरी!"

आईचा हात पेल्यासकट हवेत थांबला होता. पेला उलटा होता आणि पुठ्ठा तसाच चिकटून राहिला होता, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"तो आवाज कायचा झाला?" तिनं विचारलं.

"झाकनाचा."

"तो हवेचा आवाज होता. बाहेरून आत गेली." ती उठली, पेला माझ्या हातात दिला आणि अर्थातच पाणी माझ्या पायांवर पडलं. "आता गाडी लावून पाहा. तारेले हात लावू नका."

बाबांनी चावी फिरवली. थोडी घरघर झाली आणि गाडी चालू झाली. लाल बत्ती विझली. शेतकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"अहो," आई म्हणाली, आणि वर्षभरात तिनं त्यांना अशी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "माह्यी चिंधी होती तवा गाडी कधी बंद पडली?"

बाबांनी विचार केला. "नाई."

"चार लिटर भरता तवा पडते?"

"नाई."

"आन फुल भरली की?"

"पडते," बाबा म्हणाले. आई आता थांबणार नव्हती. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं काऊन पाडतो? एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडलं तर तेल येता येत नाही. टाकीचं तसंच. इंजिन पेट्रोल ओढतं, तेवढी हवा आत यायला पाहिजे. चिंधीतून यायची. मोरातून मुंगीसुद्धा जात नाही, तर हवा कुठून जाणार? टाकी थोडी भरली असेल तर आत मोकळी हवा भरपूर असते, काम निभावतं. काठोकाठ भरली की आतली हवा जरा वेळातच संपल्यासारखी होते आणि इंजिनाला पेट्रोल ओढवत नाही. मग कुणी झाकण बघायला मागतं, हवा आत जाते आणि श्रेय मिळतं तारेला.

"आन लाल बत्ती?" बाबांनी क्षीण आवाजात विचारलं. डायनॅमोवर केलेल्या खटपटी त्यांना आठवत असणार.

"बत्ती लागली म्हनून इंजिन बंद नाई पडलं. इंजिन बंद पडून राह्यलं म्हनून बत्ती लागली."

थोरला शेतकरी हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी मास्तरीन हाय का?"

"आज समजंल," आई म्हणाली. तिनं चिंधी कोंबायला आपला रुमाल दिला, झाकण पिशवीत टाकलं आणि गाडीत बसली.

निर्मल मागं पडलं. आई मोराचं झाकण हातात घेऊन फिरवत होती. भैंसा जवळ आलं तसं तिनं अचानक सांगितलं, "पुढच्या पंपावर थांबा. टाकी फुल करा. काठोकाठ. आन मोर लावा."

बाबांनी ब्रेकच मारला. "येडी झाली का? पुन्हा बंद पडंल!"

"पडली पाहिजे. शाळेत जाऊन पडली पाहिजे. पेल्याचा भरवसा नाई. ह्याचा हाय."

त्या शेवटच्या रस्त्याइतकी घाबरलेली सफर मी आयुष्यात केली नाही. गाडी आधी बंद पडली तर पाठ हुकणार. पडलीच नाही तर पाठ फसणार. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग होती, तिच्या मागून आम्ही गोगलगाईसारखे सरकलो. बाबा, ज्यांनी इतके दिवस ही बत्ती लागू नये म्हणून धडपड केली, ते तिच्याकडं डोळे लावून पुटपुटत होते, "आता नको, आता नको." शाळेचं फाटक दिसलं. आत शिरताना पहिला आचका आला. पटांगणाच्या मधोमध दुसरा आला, बत्ती लागली आणि गाडी चिंचेच्या झाडासमोर बंद पडली. बाबा मोठ्यानं "शाब्बास!" म्हणाले. आपल्या बंद पडलेल्या गाडीला शाबासकी देणारा माणूस फाटकावरच्या शिपायानं बहुधा पहिल्यांदाच पाहिला.

आईनं हेडमास्तरांना आणि संस्थेच्या सेक्रेटरींना नमस्कार केला आणि पाठ वर्गात नाही, पटांगणात घेऊ का असं विचारलं. सातवीचा वर्ग बाहेर आला. "मुलांनो, ही गाडी आत्ता तुमच्यासमोर बंद पडली. का पडली?" ती पुस्तकी मराठीत बोलत होती. मुलांनी धडाधड उत्तरं दिली. पेट्रोल संपलं. बॅटरी गेली. म्हातारी झाली. तिनं एकेक उत्तर तपासून बाजूला केलं. मग एका मुलीला पुढं बोलावून झाकण ओढायला सांगितलं. तिला जमेना, दुसरी आली, मग तिसरी. फुस्स! सगळा वर्ग दचकून मागं सरला आणि मग हसत पुढं आला. "आता हा आवाज काऊन आला?" आई उत्साहात आपल्या बोलीवर आली होती. बाबांनी चावी फिरवली, गाडी चालू झाली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. पेला पिशवीतच राहिला.

शेवटी आईनं उजळणी घेतली. "मग बिघाड बॅटरीत होता का?" "नाही!" "इंजिनात?" "नाही!" "चालवणाऱ्याची चूक होती का?" वर्ग गोंधळला. कुणी हो म्हणालं, कुणी नाही. आईनं गाडीकडं पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "त्यानं सगळं जिवापाड केलं. फक्त कारण कुणाला ठाऊक नव्हतं."

बाबा वळले आणि समोरची काच पुसू लागले. ती स्वच्छ होती. ते तरीही बराच वेळ पुसत राहिले.

सेक्रेटरी खूश होते, पण व्यवहारी होते. "बाई, गाडी अशी बंद पडते तर शाळेत वेळेवर कशा याल?" आई म्हणाली, "बसनं येईन." सगळे हसले. नोकरीचं आईला तिथंच तोंडी सांगितलं.

परतताना आम्ही निर्मलला थांबलो. कारागिरानं सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि हसत सुटला. मग तापवलेल्या सुईनं मोराच्या डोळ्यातून आरपार बारीक भोक पाडलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. मोर तेवढा आधीपेक्षा जास्त जागा दिसू लागला. काकूंना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की मोराचा डोळा फोडला म्हणूनच नजर उतरली.

आई रुजू व्हायला निघाली त्या सकाळी बस होती. वेळेवर होती. आम्ही स्टँडवर पोहोचलो, बसचं दार उघडलं आणि आई तिच्यापुढून चालत मागं उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसली.  इच्चोड्याचा पंप यायला लागला तसं बाबांनी विचारलं, "वर्गात तू ते बोलली... चालवनाऱ्याची चूक नव्हती म्हनून..."

"ते पोरांसाठी होतं," आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली, गाडी पंपाशी लावली आणि सवयीप्रमाणे म्हणाले, "चार लिटर."

आई त्यांच्यावरून खिडकीकडं वाकली आणि पंपवाल्याला म्हणाली, "फुल करा."